पोपड्याची पाठ

गल्लीतली माणसं त्याला पोपडेकाका म्हणत. नवख्याला ते आडनावच वाटायचं. एका घरातल्या आजोबांनी तर 'तुम्ही कुठले पोपडे?' अशी अगत्यानं चौकशी केली होती, आणि त्यानं चेहऱ्यावरची रेघ न हलवता 'भिंतीवरचे' असं उत्तर दिलं होतं.

धंद्यानं तो रंगारी. नाव पडलं ते त्याच्या एका खोडीमुळे. कुणी काम दाखवायला बोलावलं की बाकीचे रंगारी छत बघतात, खोली पावलांनी मोजतात, कोणता रंग हवा ते विचारतात. हा गृहस्थ सरळ घरातल्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात शिरायचा, अंगठ्याच्या नखानं एक पोपडा उचकटायचा, तळहातावर पालथा घालायचा आणि खिडकीपाशी जाऊन त्याची पाठ न्याहाळत उभा राहायचा. घरमालक मागे ताटकळत. चहा निवत. पुढून पोपडा कसा दिसतो यात त्याला काडीचा रस नव्हता. पुढून सगळे सारखेच, तो म्हणे, गुलाबी नाहीतर पिवळे. बोलतात ते पाठीनं.

आणि खरंच बोलत. पाठीवर पांढरी भुकटी असेल आणि ती बोटाला लागत असेल, तर खालचा जुना चुना न खरवडता वर रंग फासलेला. पाठ गुळगुळीत आणि चिकट लागली, तर स्वयंपाकघराची तेलकट भिंत साबणानं धुवायचा कुणीतरी कंटाळा केलेला. रंगावरूनच रंग सुटून आला, तर पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारायची घाई झालेली. आणि पाठीला मिठासारखे बारीक कण चिकटलेले असले, तर रंगाऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. भिंतीच्या पोटात पाणी आहे आणि ते रंगाला आतून बाहेर ढकलतंय.

"आधी नळवाल्याला बोलवा, मग मला," असं सांगून तो पायऱ्या उतरायचा. अशानं कितीतरी कामं हातची गेली. बायको कपाळावर हात मारून घ्यायची. पण बायकोचा खरा राग याच्यावर नव्हता. तिचा राग घरातल्या भिंतीवर होता. कारण लोकांच्या पोपड्यांची पाठ बघत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत येताच समोर दिसेल अशा भिंतीवर, एवढे पोपडे लोंबत होते की पंखा लावला तर ते हलायचे.

त्या भिंतीची गोष्ट सांगायची तर आधी दादाची सांगायला हवी. पोपडे उलटून बघायचं शहाणपण याचं नव्हतंच. ते दादाचं.

बाप गेला तेव्हा हा इतका लहान होता की बापाचा चेहरा त्याला फोटोतूनच ठाऊक. आई त्याआधीच गेलेली. दादा हाच बाप आणि दादा हीच आई, आणि त्या दादाला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून दादा त्याला कामावर न्यायचा, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसवायचा आणि 'हलायचं नाही' म्हणून भिंत खरवडायला घ्यायचा. दादाच्या हाताला एक चाल होती. दोन आखूड ओढी आणि एक लांब. खर्र, खर्र, खर्रर्रर्र. ती ऐकत ऐकत हा डब्यावरच पेंगायचा. पुढे लग्न झालं, केस पिकले, तरी झोप येईनाशी झाली की तो डोळे मिटून मनातल्या मनात ती चाल चालवायचा. कुणाच्या वाट्याला कसली अंगाई येईल, हे काही आपल्या हातात नसतं.

मोठं झाल्यावर भावांनी काम वाटून घेतलं. खरवडायचं, भेगांत लांबीचा लगदा भरायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, प्रायमर मारायचा, म्हणजे कुणाच्या नजरेला न पडणारं सगळं, ते दादाचं. वरचे दोन हात, ज्यांना बघून लोक वा वा करतात, ते बारक्याचे. बारक्या हे दादानं ठेवलेलं नाव. दादाशिवाय दुसरं कुणी ते वापरत नसे. बारक्याचा ब्रश देखणाच चालायचा. छताकडेची रेघ तो पट्टी न चिकटवता एका दमात ओढायचा. पण घासायचं म्हटलं की याच्या अंगावर काटा.

"दादा, रंगाखाली गेल्यावर कोण बघतंय?"

"पाऊस बघतो. घास."

दादा कामाच्या बाबतीत भलता हट्टी. नवा गिलावा असला तर मालकानं कितीही हातापाया पडावं, तो पुरता सुकेपर्यंत डबा उघडायचा नाही. भिंतीची शंका आली की प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी तिच्यावर चिकटवून यायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. भिंतीकडच्या बाजूनं थेंब धरलेले दिसले की सामान उचलून घरी. रंगात पाणी वाढवणाऱ्याशी तो बोलणं टाकायचा. आणि पोपडा हातात आला की म्हणायचा, "आधी उलटून बघायचं, बारक्या, मग तोंड उघडायचं."

अशा माणसानं एकदाच, सबंध आयुष्यात एकदाच, पोपडा उलटून न बघता तोंड उघडलं. तेही बारक्यासमोर.

एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रंगवायला घेतला होता. काम निम्मं झालं आणि वहिनीला इस्पितळात ठेवावं लागलं. दादा तिच्या उशाशी बसला, आणि रोगी थांबतात ती बाहेरची खोली बारक्याच्या एकट्याच्या गळ्यात आली. चुन्याचे थर चढलेली जुनी भिंत. बारक्यानं ठरवलं, या खेपेला दादाला दाखवायचंच. त्यानं ती भिंत अशी खरवडली की चुन्याचा कण म्हणून ठेवला नाही. तळहाताला फोड आले, त्यावर फडकं बांधून तो घासत राहिला. ओल्या कापडानं धूळ पुसली, भिंत वाळू दिली, पुन्हा घासली. मग प्रायमर, मग लांबी, पुन्हा प्रायमर, आणि वर दोन हात, मध्ये पुरती उसंत देऊन. दादा आला तेव्हा त्यानं भिंतीवरून नजर फिरवली आणि "बरी झालीय" म्हणाला. दादाच्या तोंडून 'बरी' ऐकायला मिळणं म्हणजे मोठीच चैन होती. बारक्या शीळ घालत घरी गेला. आपण घासली, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? भिंतच सांगेल.

भिंतीनं सांगितलं, पण भलतंच. काही महिन्यांत खुर्च्यांच्या मागे, कमरेएवढ्या उंचीवर रंग फुगला आणि पोपडे सुटले. डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना बोलावून घेतलं. खोली रोग्यांनी भरलेली. दादानं भिंत बघितली आणि त्याचा चेहरा पडला. आजवर त्याच्या कामाला कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"घासलीच नसणार," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "याचा हात पहिल्यापासून वरवरचा."

"दादा, मी घासली होती."

"वर तोंड करून खोटं तरी बोलू नकोस. भिंत खोटं बोलत नाही."

बारक्यानं एक पोपडा काढून त्याच्यापुढे धरला. पाठीवरचे पांढरे कण त्यानं आधीच बघितले होते. 'आत पाणी आहे' एवढे तीन शब्द तो बोलता तर सगळं तिथेच निस्तरलं असतं. पण त्याला ते बोलायचं नव्हतं. दादानं स्वतः बघावं, बारक्यासाठी बघावं, एवढाच त्याचा हट्ट होता.

"उलटून तर बघ," तो म्हणाला.

दादानं तो हात झटकून टाकला. पोपडा फरशीवर पडून त्याचा चुरा झाला. आणि मग, रागात माणसाचं तोंड कुठवर जातं बघा, दादा म्हणाला, "आईबाप नव्हते म्हणून गळ्यात पडलास. नाहीतर तुला कामावर ठेवलं कुणी असतं?"

एक म्हातारा खोकायचा थांबला. कुणीतरी पायांकडे बघू लागलं. बारक्यानं हातातली पिशवी तिथेच ठेवली आणि तो बाहेर पडला. आठवडा संपायच्या आत बायकोला आणि चार भांड्यांना घेऊन तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेला.

नव्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्यानं पहिलं काम काय केलं, तर ती समोरची भिंत रंगवली. जुन्या सुट्या चुन्यावर, न खरवडता, न पुसता, प्रायमरचा थेंब न लावता, रंगात बदाबदा पाणी ओतून, एका बैठकीत दोन्ही हात. दादानं जन्मभर जे जे करू नको म्हणून सांगितलं ते ते सगळं. बायको दारात उभी राहून बघत होती. "घासायचं कुणासाठी?" एवढंच तो तिला म्हणाला. वर्ष सरायच्या आत भिंतीनं पोपडे टाकले.

पुढे त्याचा राग ओसरला. लोकांकडे तो स्वतः घासू लागला, दादाच्याही वरताण. वाटेत कुणी भेटलं तर "भिंत बोलते हो, पाठ बघा" असं दादाचं बोलणं दादाचं नाव न घेता सांगू लागला, आणि पोपडेकाका झाला. घरची भिंत मात्र तशीच.

"लोकांच्या भिंती चकाचक, आणि आपल्याकडे आलेल्या माणसाच्या चहात पोपडे," बायको म्हणायची.

"बघतो."

"काय बघताय? वर्षानुवर्षं बघताय."

बायको काही दुधखुळी नव्हती. ती भिंत तो कुणासाठी राखून ठेवतोय, हे तिला केव्हाच उमगलं होतं; फक्त बोलून दाखवायची सोय नव्हती.

कारण दादा काही परमुलखात नव्हता. एका बसच्या अंतरावर होता. आणि हेच वाईट. माणूस दूर असला की आठवण काढून मोकळं होता येतं. जवळ असला की रोज न जाण्याचं कारण शोधावं लागतं. याच्याकडे कारण तयार होतं: मी घासली होती. दादानं एकदा येऊन एवढं कबूल करावं, बस्स. मग पायांवर डोकं ठेवायलाही हा तयार होता. बायको सांगते की झोपेतसुद्धा एकदोनदा तो 'मी घासली होती' म्हणाला आहे. आता बायको सांगते म्हणजे थोडं पदरचं असेल, पण फार नसेल.

घराशेजारी रंगाची चांगली दोन दुकानं असताना तो सामानाला जायचा ते शहराच्या मध्यावरच्या जुन्याच दुकानात. दादाही तिथेच. दादा सकाळी, हा दुपारी. कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नाही. दुकानदार मोठा बेरकी. एकाची खबर दुसऱ्याला सांगायची त्याला सोय नव्हती, म्हणून तो ती हवेत सोडायचा.

"आज प्रायमर संपला बघ. सकाळी एकाच माणसानं सगळा उचलला."

"असं?" रंगारी डब्यांवरची धूळ झटकत म्हणायचा. "मग नवा गिलावा असेल."

"असेल. शाळा म्हणत होते कुठलीशी."

तेवढं पुरायचं. परतीच्या बसमध्ये तो डोळ्यांपुढे ती शाळा आणायचा. लांब ओळीनं खोल्या, दादा भिंतीला प्लास्टिक लावतोय, मुख्याध्यापक मागे घाई करतायत आणि दादा त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीये. त्याला हसू यायचं, आणि बसमधली माणसं त्याच्याकडे बघू लागली की तो खिडकीकडे तोंड करायचा. एकदा दुकानदार म्हणाला, "खरवडायची नवी पट्टी नेली. जुनीची मूठ निसटली म्हणे." जुनीची मूठ! लहानपणी त्या मुठीवर यानं खिळ्यानं चांदणी कोरली होती आणि मार खाल्ला होता. इतकी वर्षं दादा तीच पट्टी वापरत होता, हे ऐकून त्याचा जीव गलबलला.

आणि एकदा दुकानदार नेहमीसारखा हवेत न बोलता थेट त्याच्याकडे बघून म्हणाला, "आता छताची कामं घेत नाहीत. शिडीवर पाय कापतो." त्या दिवशी रंगाऱ्यानं एका बाईंच्या बैठकीच्या खोलीला चुकीची छटा कालवली, आणि बाईंनी दाखवून देईपर्यंत त्याला पत्ता नव्हता.

मग एका दुपारी दुकानात नळवाला भेटला. दोघा भावांच्या तरुणपणापासूनचा माणूस, तोंडाचा फटकळ. काही जोडायला घेऊन निघाला होता. याला बघून पुन्हा आत आला.

"अरे, तुझी ती दवाखान्याची भिंत फोडली की मी."

"कुठली?"

"कुठली म्हणे! तुमचं वाजलं तीच. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी वर लाकडी फळ्या ठोकून घेतल्या होत्या ना, त्या कुजल्या. काढून बघतात तर भिंत चिंब. मागच्या बाजूला हात धुवायचं बेसिन आहे, त्याचा नळ आत सांध्यात पाझरतोय. केसाएवढी चीर. तुम्ही रंग दिलात तेव्हापासूनची असणार."

रंगाऱ्यानं काउंटरला हात टेकला. "तू कुणाला सांगितलंस?"

"सांगायचं काय? दादा तिथेच होते. पुढे रंगाला त्यांनाच बोलावलं होतं. मी चीर दाखवली."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही. बघत राहिले. मग खाली बसले."

"बसला म्हणजे?"

"म्हणजे बसले. फरशीवर. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं, तर ते हातात धरून बसले. प्याले नाहीत."

त्या दिवशी रंगारी सामान न घेताच घरी आला. बायकोला त्यानं दारातूनच सांगितलं, "दादाला कळलं." दोनदा सांगितलं. मग तो आत जाऊन उगीचच तोंड धुऊन आला, सदरा बदलला आणि खिडकीत बसला. बायको काय समजायचं ते समजली आणि तिनं चहाचं आधण थोडं जास्त ठेवलं.

दादा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रंगाऱ्यानं लांबची कामं पुढे ढकलली. जिन्यावर पाऊल वाजलं की तो वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचा आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून गेलं की खाली ठेवायचा. असे आठवडे गेले. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. इतकी वर्षं दादा बिचारा चुकीच्या समजुतीत होता, म्हणून त्याला सगळं माफ होतं. याच्या मनात तो दादा अजून न्यायी होता, फक्त त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तरी येत नाही? मग तो दादा नव्हताच कधी. मग आपण इतकी वर्षं वाट बघितली ती कुणाची?

"तुम्हीच जा ना," बायको म्हणाली. "त्यांना लाज वाटत असेल."

"मी का जाऊ? मी घासली होती."

"घासली होती, घासली होती! पाटीच लावा गळ्यात."

तो तिच्यावर ओरडला. लगेच ओशाळला आणि बाहेर निघून गेला. रस्त्यानं चालताना त्याला जी गोष्ट आठवली ती त्यानं बायकोला कधीच सांगितली नव्हती. भिंतीमागे बेसिन आहे हे त्याला तेव्हा दिसलं होतं. घासण्याच्या नादात, दादाला दाखवण्याच्या नादात, त्या भिंतीला प्लास्टिक लावून बघायचं राहून गेलं होतं. हाताला भिंत कोरडी लागली आणि त्यानं हातावर विश्वास ठेवला. दादा असता तर लावलं असतं. दादा असता तर, हे तीन शब्द त्याला त्या रस्त्यावर इतके जड झाले की तो एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. राग कुठल्या कुठे गेला. दादा हवा होता. बरोबर ठरलेला नको, चुकलेला चालेल, न बोलणारा चालेल, पण हवा होता. म्हातारा होत चाललाय, शिडीवर पाय कापतोय, आणि खाली शिडी धरायला आपण नाही.

तरी तो गेला नाही. सांगायला वाईट वाटतं, पण नाही गेला. एवढ्या वर्षांची सवय एका पायरीवर बसून मोडत नाही.

पुढे थोड्याच दिवसांनी तो संध्याकाळी कामावरून परतला. जिन्याच्या पहिल्या वळणावर आला आणि थांबला.

खर्र, खर्र, खर्रर्रर्र.

आधी त्याला वाटलं, आपल्याच डोक्यात वाजतंय. मग वरून पुन्हा आलं. पूर्वीपेक्षा सावकाश, लांब ओढीच्या शेवटी जरा दम घेत, पण तेच. तो जिन्यातच बसला, हातात ब्रशांचा डबा, आणि ऐकत राहिला. शेजारच्या बाई वर चालल्या होत्या.

"काय हो काका, बरं नाही का?"

"बरंय," तो म्हणाला. "भिंत घासतायत."

बाई विचित्र नजरेनं बघत गेल्या. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि तो वर आला. बायको दारातच उभी होती, पदराला हात पुसत, चोरी पकडल्यासारखी.

"मीच फोन केला," ती कुजबुजली. "म्हटलं, घरी भिंतीला पोपडे धरलेत, यांना काही जमत नाही, कामावर येता का? तर विचारतात, 'पाठ बघितली का?' म्हटलं, तुम्हीच येऊन बघा."

आत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली. दादा स्टुलावर बसून, दाराकडे पाठ करून, खालचा भाग खरवडत होता. मान बारीक झाली होती. सदऱ्याच्या आत खांदे नव्हतेच जणू. शेजारी जुनी पट्टी पडलेली, मूठ दोऱ्यानं बांधलेली, चांदणीसकट. दादानं वळून बघितलं नाही, पण हात थांबला. मागे कोण उभं आहे हे त्याला कळलं होतं.

त्यानं पट्टीच्या टोकानं एक मोठा पोपडा सोडवला. तळहातावर घेतला. उलटा केला. खिडकीच्या उजेडाकडे धरून त्याची पाठ बघितली. बराच वेळ बघितली; जेवढा वेळ एका पोपड्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त. मग अंगठा त्यावरून फिरवला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली.

"बारक्या," तो म्हणाला, "ही नाही घासलीस."

"नाही."

"ती घासली होतीस."

रंगाऱ्याला उत्तर द्यायचं होतं. किती वर्षं त्यानं ते तयार ठेवलं होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "प्लास्टिक नव्हतं लावलं, दादा. मागे बेसिन होतं. तरी मी ओल बघितली नाही."

"मी तुझ्याकडे बघितलं नाही," दादा म्हणाला. "पोपड्याचं सोड. जे बोललो ते..." तो पोपडा घट्ट धरायला गेला आणि त्याच्या मुठीतच त्याचा चुरा झाला. दोघेही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बायको आत जाऊन उगीच भांडी वाजवत बसली.

मग रंगाऱ्यानं डबा ठेवला, बाह्या सारल्या आणि दोऱ्यानं बांधलेली पट्टी उचलली. वरचा भाग त्यानं घेतला, खालचा दादानं. अंधार पडेपर्यंत भिंत अर्धी उघडी झाली. चहा आला तो धुळीनं पांढरा झालेला, आणि दोघांनी तो तसाच प्यायला.

"उरलेली उद्या होईल," दादा उठत म्हणाला. "परवा प्रायमर. चार दिवसांत संपेल काम."

चार दिवस. रंगाऱ्यानं खरवडलेल्या भिंतीवर हात ठेवला. उन्हाळ्याचे दिवस, मागे ना नळ ना मोरी. भिंत खडखडीत कोरडी होती.

"दादा," तो म्हणाला, "मला ओल वाटतेय."

दादानं त्याच्याकडे बघितलं. मग आपला तळहात त्याच्या हाताशेजारी भिंतीवर टेकवला. जन्मभर भिंती हाताळलेला हात तो. जरा दाबून, डोळे बारीक करून त्यानं अंदाज घेतला.

"आहे खरी," दादा म्हणाला. "सुकायला वेळ लागेल. मला रोज येऊन बघावं लागेल."